आत्याची वज्री

“नापास?” कुमुदआत्या इतक्या जोरात ओरडली, की पंपावर पेट्रोल भरणाऱ्या माणसाने दचकून नळी बाहेरच काढली. “चार वर्षं मी लोकांची पोरं शाळेत पोचवतेय, आणि माझीच गाडी नापास?”

पंपाच्या कोपऱ्यातल्या त्या पियुसीच्या केबिनवाल्यावर काही परिणाम झाला नाही. उंच, सडपातळ, इस्त्रीचा शर्ट, चष्मा. त्याने व्हॅनच्या सायलेन्सरमध्ये खुपसलेली मशीनची नळी शांतपणे ओढून काढली, फडक्याने पुसली आणि म्हणाला, “धूर मर्यादेबाहेर आहे बाई. सर्टिफिकेट मिळणार नाही.”

“थोडं इकडंतिकडं असेल की हो.”

“थोडं नाही. लई आहे.”

“शाळेची गाडी आहे. बाईमाणूस चालवते. जरा सांभाळून घ्या.”

“नियम सगळ्यांना सारखा.”

आत्याने माझ्याकडे बघितलं, मी केबिनवरच्या पाटीकडे बघितलं. पाटीवर मालकाचं नाव होतं: शांतिनाथ उपाध्ये. आत्याने व्हॅनचं दार असं काही आपटलं, की मागच्या काचेवरचं एक कार्टूनचं स्टिकर गळून पडलं.

“शांतिनाथ म्हणे! डोकं फिरवलं माझं त्यानं सकाळी सकाळी,” ती गिअर टाकत म्हणाली. आणि चौक ओलांडायच्या आत स्वतःच हसायला लागली. “पण काय गं वैजू, कसा उभा होता बघितलंस? शाळा तपासायला साहेब आल्यासारखा!”

आत्याचं हे असंच होतं. राग आला तरी तो गाडीच्या तिसऱ्या गिअरपर्यंत टिकायचा नाही. माझ्या बाबांची ती धाकटी बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत काका गेले. मूलबाळ नव्हतं. सगळ्यांना वाटलं, आता ही माहेरी येऊन बसेल. ती बसली ती ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत. मग एक जुनी व्हॅन घेतली, तिला पिवळा पट्टा मारला आणि सांगलीतल्या एका शाळेची पोरं ने-आण करायला लागली. गाडी चालवताना ती चपला काढून ठेवायची आणि अनवाणी पायांनी क्लच दाबायची. तिच्या टाचा इतक्या गुळगुळीत होत्या, की माझी आई चिडायची. “आम्ही घरात बसून आमच्या टाचांना भेगा, आणि ही दिवसभर गावभर हिंडून टाचा बघा हिच्या!”

मी तेव्हा कॉलेजात होते आणि मे महिन्याची सुट्टी आत्याकडेच काढत होते, कारण आत्याकडे कुणी लवकर उठवत नसे.

पण त्या सुट्टीत घोर लागला होता. सोमवारी आरटीओत व्हॅनचं पासिंग होतं, आणि पियुसीशिवाय पासिंग नाही. आधीचा एक पियुसीवाला गाडीकडे ढुंकूनही न बघता, चहा पिता पिता कागद छापून द्यायचा. तो दुकान गुंडाळून गेला, आणि आत्याच्या वाट्याला उपाध्ये आले. पासिंग झालं नाही तर शाळा दुसरी गाडी लावणार होती. आणि बाबांनी तर सांगूनच टाकलं होतं.

“कुमुद, आता पुरे झालं. सोमवारी पास झाली तर झाली. नाहीतर गाडीला गिऱ्हाईक तयार आहे. विकून टाक आणि आमच्याकडे ये. माडीवरची खोली रिकामीच आहे.”

बाबा वाईट नव्हते हो. त्यांचा जीव होता बहिणीवर. पण आत्या घरी आल्यावर मला म्हणाली, “माडीवरची खोली तुला माहितीये ना? पापडाचे डबे, जुन्या गाद्या, आणि आता मी. तिघं मिळून धूळ खाऊ.” म्हणाली आणि हसली, पण या वेळी ते हसू तिसऱ्या गिअरच्या आधीच संपलं. मला एकदम रडूच आलं.

दुपारी आम्ही पोपट मिस्त्रीकडे गेलो. मिस्त्री व्हॅनखाली सरकला. आतून ठणठण आवाज आले, मग एक ढब्ब असा पोकळ आवाज आला, आणि मग बराच वेळ काहीच आवाज आला नाही.

“मिस्त्री, झोपलात काय?”

“नाही वहिनी.” मिस्त्री हळूच बाहेर आला, पण उभा राहिला नाही. “ते कन्व्हर्टर असतंय बघा खाली, डब्यासारखं. धूर साफ करणारं. ते रिकामं आहे. आत कायच नाही.”

“मग आतलं गेलं कुठं?”

मिस्त्रीने कान खाजवला. “वहिनी, गाडी घेतली तवा तुम्हीच म्हणाला होता ना, चढाला दम लागतोय म्हणून? तवा मी आतलं काढून टाकलं. गाडी मोकळी केली.”

“काढून टाकलं म्हणजे?”

“पहार घालून.”

“पोपट!”

“सगळेच काढायचे हो तवा! धूर मोकळा जातोय, पिकअप वाढतोय… तुम्ही मला भजी खायला घातली होती त्या दिवशी.”

आत्याने कपाळावर हात मारला. “म्हणजे याच्यासाठी मी भजी केली!”

आता नवीन कन्व्हर्टर बसवल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आत्याने सरळ गाडी पंपावर घेतली, केबिनच्या खिडकीत डोकं घातलं आणि म्हणाली, “नापास केलंत ना? आता शिकवणी पण घ्या. कुठला कन्व्हर्टर घ्यायचा ते सांगा.”

उपाध्यांनी हातातल्या फडक्याची घडी केली. मग म्हणाले, “कोल्हापुरात मिळेल. पण फसवतात. उद्या मी कोल्हापूरला निघालोय. मशीनचा एक पार्ट दुरुस्तीला टाकायचा आहे.”

“मग चला की आमच्याबरोबर!” आत्या म्हणाली. कुणालाही गाडीत बसवणं हा तिचा धंदाच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपाध्ये कापडी पिशवी घेऊन पंपाच्या दारात उभे होते. शर्टला कालच्यापेक्षाही कडक इस्त्री. पुढच्या सीटवर मी, म्हणून ते मागच्या बाकावर बसले. तो बाक पहिली-दुसरीतल्या पोरांसाठी केलेला. उपाध्यांचे गुडघे पार हनुवटीला लागले. आत्या आरशात बघायची आणि खुदकन हसायची.

“काय झालं?” त्यांनी विचारलं.

“काही नाही. या बाकावरची पोरं गाणी म्हणतात. तुम्हाला येत असेल तर म्हणा एखादं.”

“मला पाढे येतात.”

“म्हणा!”

आणि देवाशपथ सांगते, त्या माणसाने सतराचा पाढा म्हटला. न चुकता. गंभीर चेहऱ्याने. आत्याला इतकं हसू लोटलं, की अंकलीच्या पुलाआधी तिला गाडी बाजूला घ्यावी लागली. थांबलोच होतो म्हणून झाडाखाली चहा घेतला. तेव्हा उपाध्यांनी पिशवीतून डबा काढला. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं. तिघांना पुरेल एवढं.

“आणि मशीनचा पार्ट?” मी पिशवीत डोकावत विचारलं.

“लहान आहे,” ते म्हणाले. “खाली असेल.”

मी दशमीवर चटणी घेतली आणि विषय विसरले.

कोल्हापुरातल्या त्या गल्लीत दोन्ही बाजूंना सुट्या भागांची दुकानं. एका दुकानात आम्ही शिरलो. दुकानदार गोलमटोल आणि बोलघेवडा. त्याने आधी एक चकचकीत डबा पुढे केला.

“हा घ्या ताई. स्वस्तात मस्त.”

उपाध्यांनी डबा हातात घेतला, वजन पाहिलं आणि बोटाने वाजवला. ढब्ब. काल मिस्त्री व्हॅनखाली असताना आला होता तसाच पोकळ आवाज. त्यांनी डबा परत ठेवला.

“नुसता पत्रा आहे. माझ्या मशीनवर परत नापास.”

“तुमचं मशीन फारच शिष्ट आहे हो,” दुकानदार म्हणाला. “मग बघा, चांगल्या मालात काय असतं ते दाखवतो.” त्याने काउंटरखालून मधोमध कापलेला एक कन्व्हर्टर काढला. गिऱ्हाइकाला दाखवायचा नमुना. बाहेर पत्रा, आणि आत राखाडी रंगाची बारीक बारीक छिद्रांची जाळी.

आत्या पुढे वाकली. चष्मा नाकावर ढकलला. बोट लावून बघितलं. आणि ओरडली,

“अगं बाई! ही तर माझी वज्री!”

दुकानदाराने नमुना उलटासुलटा करून बघितला.

“काय?” दुकानदार म्हणाला.

“अहो, वज्री! पायाच्या टाचा घासायची! मोरीत आहे माझ्या. अंगणात पडलेली सापडली होती मला, गाडी घेतली तेव्हा. म्हटलं कुठली बाई ही इतकी छान वज्री, देवानेच पाठवली…” आणि बोलता बोलता तिला कळलं. तिने तोंडावर हात ठेवला. “पोपट मिस्त्रीने अंगणात बसूनच गाडी मोकळी केली होती!”

उपाध्यांनी चष्मा काढला. “म्हणजे तुम्ही चार वर्षं कन्व्हर्टरनं टाचा घासताय?”

“रोज! दिवाळीला तर दोनदा!”

“ताई, त्याला आतनं प्लॅटिनमचा हात असतोय,” दुकानदार हबकून म्हणाला.

“प्लॅटिनम!” आत्याने चपलेतून पाय काढला, काउंटरला धरून टाच वर केली आणि स्वतःच न्याहाळत राहिली. “वैजू, तुझ्या आईला सांग! प्लॅटिनमच्या टाचा आहेत म्हणावं माझ्या!”

उपाध्यांनी त्या टाचेकडे बघितलं. अगदी सायलेन्सरकडे बघायचे तसंच, नीट, वाकून. आणि त्याच कोरड्या आवाजात म्हणाले,

“टाचा पास. गाडी नापास.”

मग काय झालं ते मला नीट सांगताच यायचं नाही. आत्या हसता हसता स्टुलावर बसली. दुकानदार टायरच्या ढिगावर बसला. आणि शांतिनाथ उपाध्ये, ज्यांच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा तोपर्यंत आम्ही हललेली बघितली नव्हती, ते भिंतीला टेकून असे हसायला लागले, की डोळ्यांतून पाणी. हसणं थांबायचं, आत्या पाय हलवायची, परत सुरू. शेजारच्या दुकानातले लोक काय झालं म्हणून डोकावून गेले.

दुकानदाराने डोळे पुसले आणि मऊ होऊन म्हणाला, “ताई, तुम्ही मला हसवलंत, म्हणून खरं सांगतो. कंपनीचा अस्सल यायला महिना लागेल. दुसऱ्या कंपनीचा नवा आहे, तुमच्याच मॉडेलसाठी बनवलेला, सरकारी चाचणी झालेला, अंगावर मंजुरीचा नंबर ठोकलेला. सगळं कायद्यानं. पण तो पुण्याहून मागवावा लागेल. रविवारी गाडीत टाकतील, सोमवारी सकाळी सांगलीत. आला तर आला.”

“सोमवारीच तर पासिंग आहे,” मी म्हणाले.

“म्हणून म्हणतो, हा बघा.” त्याने आतून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी आणलं. जुना कन्व्हर्टर. दोन्ही टोकांना ताजं कापलेलं, करवतीच्या दातांच्या खुणा लख्ख. “वापरलेला आहे, पण आतली जाळी जिवंत. आत्ता घ्या, आत्ता बसवा. निम्म्यात देतो.”

आत्याने उपाध्यांकडे बघितलं. “याच्यानं पास होईल?”

मला वाटलं, आता हे नियम सांगणार. पण ते म्हणाले, “होईल. मशीन विचारत नाही, कुठून आणला म्हणून.”

“आणि तुम्ही?”

“गाडी तुमची आहे.”

आत्या त्या कापलेल्या टोकाकडे बघत राहिली. मला तिच्या मनातलं अगदी दिसत होतं: माडीवरची खोली, पापडाचे डबे. हात पुढे केला की सोमवार तिच्या खिशात होता. मी मनात म्हणत होते, घे गं आत्या, घेऊन टाक.

“हा कुणाच्या गाडीखालचा?” तिने दुकानदाराला विचारलं.

“आता ते कुठं विचारत बसू आम्ही, ताई? आलं ते घेतलं.”

“म्हणजे कुणीतरी सकाळी उठून गाडी चालू केली असेल आणि बिचारीला कळलंच नसेल, एवढा कसला आवाज येतोय.” आत्याने तो परत वर्तमानपत्रात गुंडाळला. अगदी नीट, पोराचा डबा बांधतात तसा. “नको बाबा. माझी वज्री गेली ती माझ्या मूर्खपणानं. दुसरीची वज्री पळवून मी पास होणार नाही. पुण्याचा मागवा.”

“सोमवारी नाही आला तर?” मी जवळजवळ ओरडलेच.

“तर पापड लाटायला शिकवशील मला.”

 परतीच्या वाटेवर, कुणी न सांगता, उपाध्यांनी एकोणिसाचा पाढा म्हटला.

सोमवारी सकाळी मी स्टँडवर उभी. पुण्याची एसटी आली, खोकं नाही. दुसरी आली, खोकं नाही. तिसऱ्या गाडीच्या कंडक्टरने खोक्यावरचं आत्याचं नाव वाचून “मगदूमबाई कोण?” असं विचारलं, तेव्हा मी “मीच, मीच!” म्हणून त्याच्या हातातून खोकं हिसकावूनच घेतलं. स्कूटरच्या पायाशी ते ठेवून मी पोपट मिस्त्रीकडे जी सुटले, तेवढ्या जोरात आयुष्यात परत कधी गाडी चालवली नाही.

मिस्त्रीने हातपाय भाजून घेत, चार वर्षांपूर्वीच्या भज्यांची शपथ खात कन्व्हर्टर बसवला. आम्ही पंपावर पोचलो, तर बाबा तिथे आधीच हजर. शेजारी गाडीचं गिऱ्हाईक, खिशात हात घालून, व्हॅनच्या टायरला बुटाने टोचून बघत.

“आत्ता थांबा हो जरा!” आत्या त्याच्यावर खेकसली. “अजून माझीच आहे ती!”

उपाध्यांनी नळी खुपसली. गाडी चालू ठेवायला सांगितली. आत्याने माझं मनगट पकडलं, इतकं घट्ट की माझ्या बांगड्या रुतल्या. केबिनमधून पडद्याचा उजेड उपाध्यांच्या चष्म्यावर पडला होता, त्यामुळे डोळे दिसेनात. ते बघत राहिले. चष्मा काढून पुसला. परत बघितलं.

“उपाध्ये, बोला की हो! मेले मी!”

ते केबिनच्या बाहेर आले. “पास.”

आत्याने माझे दोन्ही हात धरले आणि भर पंपावर, पेट्रोलच्या वासात, गिरगिर गिरगिर फुगडी! पदर एकीकडे, चपला दुसरीकडे, प्लॅटिनमच्या टाचा डांबरावर. पेट्रोल भरणारी माणसं टाळ्या वाजवायला लागली. थांबल्यावर तिने बाबांना पकडलं. बाबा “अगं, अगं, माझी कंबर!” म्हणेपर्यंत त्यांचीही एक फेरी झाली. गिऱ्हाईक मुकाट निघून गेलं.

दुपारी आरटीओतून पासिंग करून आम्ही परत येताना आत्याने गाडी पंपावर वळवली. पेट्रोल तर सकाळीच भरलं होतं. पेढ्यांचा पुडा खिडकीतून आत देत ती म्हणाली, “हा कागद आता किती दिवस चालणार?”

“पुढच्या तारखेपर्यंत. बरेच महिने.”

“म्हणजे तोवर इकडं यायचं काही कारणच नाही.”

उपाध्यांनी पेढा हातात तसाच धरला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. मग ते म्हणाले,

“हवा भरायला यावं लागतं. चाकांत. दर आठवड्याला.”

मी आत बघितलं. केबिनमध्ये टेबलावर मशीन होतं, तेच, एकही पार्ट न हललेलं, आणि शेजारी टांगलेली रिकामी कापडी पिशवी. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला: कोल्हापुरात यांनी दुरुस्तीला काही टाकलंच नव्हतं. मी आत्याकडे बघितलं. ती आरशात बघून केस सारखे करत होती.

त्या वर्षी आत्याच्या व्हॅनच्या चाकांत इतकी हवा असायची, की पोरं मागच्या बाकावर उडायची.

दिवाळीनंतर एका रविवारी उपाध्ये आमच्या घरी आले. बाबांना “जय जिनेंद्र” केला, खुर्चीच्या कडेवर बसले आणि सरळच विचारलं. आईने साखर घातलेल्या चहात परत साखर घातली. बाबा आधी खूश, मग उगाच थोरला भाऊ झाले. म्हणाले, “आमची ना नाही हो. पण लग्नानंतर ती गाडी चालवायची काय?”

“थांबायचं काय कारण?” उपाध्ये म्हणाले. “पास आहे की.”

आत्या अजून चालवते. पहिल्या पोरांची पोरं आता मागच्या बाकावर बसतात, व्हॅन मात्र तिसरी आहे. माझं लग्न होऊन मी पुण्याला आले, तरी सुट्टीत जाते तिच्याकडे, अजूनही कुणी लवकर उठवत नाही म्हणून. परवा गेले होते. अंघोळीला मोरीत शिरले, तर फळीवर ती राखाडी जाळी. झिजून झिजून लहान झालेली, आणि करवतीने बरोबर मधोमध कापलेली. एक तुकडा आत्याच्या शिकेकाईच्या डबीजवळ, दुसरा दाढीच्या ब्रशजवळ.

मी तशीच टॉवेल घेऊन बाहेर आले. “काका! तुम्हीसुद्धा टाचा घासता?”

उपाध्येकाकांनी पेपरातून डोकं वर काढलं नाही.

“नियम सगळ्यांना सारखा,” ते म्हणाले.